न धुतलेली साडी

न्यूज चॅनलमध्ये माणूस कमरेपर्यंतच असतो. वर सिल्कची साडी किंवा कोट आणि टेबलाखाली जीन्स, पायात बाथरूम स्लिपर. अंधेरीच्या एका चॅनलच्या मेकअप रूममध्ये मी बरीच वर्षं कपड्यांचं काम केलं. एवढ्या वर्षांत एकाही अँकरला निऱ्या घालून नीट साडी नेसवल्याचं मला आठवत नाही. जीन्सवरूनच गुंडाळायची, पदर चापूनचोपून लावायचा, माईकची वायर पदराखालून न्यायची. ब्लाउज सैल असेल तर मागून कागद धरायचे काळे चिमटे लावून घट्ट करायचा. समोरून वाटावं मापाने शिवलाय. पाठीवर चिमट्यांची रांग, पण पाठ बघतो कोण?

कपडे दुकानांतून यायचे आणि दुकानांत परत जायचे. त्यामुळे माझं खरं काम संध्याकाळी सुरू व्हायचं. पावडरचे, लिपस्टिकचे, चहाचे डाग काढायचे आणि कडक इस्त्री करून घडी घालायची. ही साडी कुणाच्या अंगावर चढली होती हे दुकानदाराला कळता कामा नये. हळदीचा, तेलाचा, शाईचा, कुठलाही डाग मी काढते. त्याबाबतीत मला गर्व आहे असं म्हटलं तरी चालेल.

हिरवी साडी मात्र कुणाला द्यायची नसते, हे तिथे गेल्यावर पहिल्यांदा शिकले. अँकरच्या मागे हिरवा पडदा असतो आणि त्या हिरव्याच्या जागी मशीन दुसरं चित्र भरतं. एका हळदीकुंकवाच्या दिवशी एकीने घरूनच हिरव्या काठांची साडी नेसून आली. सबंध बातमीपत्रभर तिच्या काठांवरून गाड्या धावत होत्या.

माझी शाळा चौथीत सुटली. वाचता यायचं, पण अडखळत. पदर सरकला तर चटकन जाता यावं म्हणून मी स्टुडिओत प्रॉम्प्टर चालवणाऱ्याच्या बाजूला उभी असायची. अँकरने वाचायची बातमी त्याच्या स्क्रीनवर वर वर सरकत जायची. अक्षरं कुणासाठी थांबत नाहीत, म्हणून माझा वेग आपोआप वाढला. लिहिणं त्याच्या मागून आलं. बोलणं मात्र आलं नाही ते नाहीच. चार माणसं समोर असली की माझा आवाज घशातच राहतो. म्हणून हे लिहिणं घरी बसून, स्वतःपुरतं.

ज्या मॅडममुळे मी सिनेमात आले, त्या त्याच चॅनलमध्ये होत्या. एकदा एका जुन्या बिल्डिंगचा स्लॅब पडला आणि त्यांना तिकडे पाठवलं. मी मेकअप रूममधल्या टीव्हीवर बघत होते. एक बाई घरातल्या गाऊनवरच फुटपाथवर बसली होती. मॅडमनी तिच्यापुढे माईक धरला. ती म्हणाली, "नको. आधी मला कुणीतरी ओढणी आणून द्या." हे सगळं लाइव्ह चाललं होतं. मॅडमनी पुढचा प्रश्न विचारला.

परत आल्यावर त्या नेहमीसारख्या माझ्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या, कोटाचे चिमटे काढायला.

"मावशी, ती बाई नको म्हणाली होती ना गं? तू ऐकलंस?"

"ऐकलं."

"मलापण ऐकू आलं होतं," त्या म्हणाल्या.

काही महिन्यांनी त्यांनी नोकरी सोडली. चॅनलचा एक कॅमेरामनही मागोमाग बाहेर पडला. मुलुंडला घरी बसून मॅडमनी सिनेमा लिहिला आणि स्वतःची शिल्लक त्यात घातली. मग मला फोन केला. "मावशी, येतेस का? कपडे तू बघायचेस. डोक्यापासून पायापर्यंत."

डोक्यापासून पायापर्यंत, हे ऐकूनच मी हो म्हणून बसले. चॅनलमध्ये सुट्टी टाकली. आमच्या सुपरवायझरनी बजावलं, "सोमवारी हजर नसलीस तर दुसरी बाई बघतो." मी मान हलवली.

सिनेमाची गोष्ट अशी. एका मंगल कार्यालयाच्या मुदपाकखान्यात एक बाई आयुष्यभर पुऱ्या तळते. बाहेर इतकी लग्नं लागली, हिने एकही पाहिलं नाही. जेवायची ती कायम मागच्या पायरीवर, मांडीवर ताट घेऊन. एक दिवस सगळी माणसं गेल्यावर ती हातात ताट घेऊन स्वयंपाकघराच्या दारातून हॉलमध्ये येते आणि टेबलाशी बसून जेवते. बस, एवढंच. हे काम करणाऱ्या बाई बँकेतून निवृत्त झालेल्या आणि वर्षानुवर्षं हौशी नाटकं केलेल्या. त्यांना आम्ही बाईच म्हणायचो. मॅडमनी मला साडी वापरलेली हवी म्हणून सांगितलं होतं, तेव्हा मी माझीच फिकट आकाशी सुती साडी दिली. मोठ्या सिनेमात म्हणे एकसारख्या तीन-तीन साड्या घेऊन ठेवतात. आमच्याकडे ती एकच.

मुलुंडमधलं एक खरं मंगल कार्यालय आम्हाला मिळालं ते त्या दोन दिवसांत लग्नाची तिथी नव्हती म्हणून. तिथले मॅनेजर काका देवमाणूस, पण वेळेच्या बाबतीत कडक. "आज हॉल तुमचा, उद्या संध्याकाळी पाचपर्यंत तुमचा. सहाला सीमांतपूजनाची मंडळी येणार. मग पुढे महिनाभर तारीख नाही. शूटिंग राहिलं तर राहिलं." आणि महिनाभराने बाई त्यांच्या मुलाकडे परदेशी असणार होत्या. म्हणजे या दोन दिवसांत झालं तरच सिनेमा, नाहीतर नाही.

पहिला दिवस काय सांगू. मी एवढी वर्षं कॅमेऱ्याच्या आसपास काढली, पण असं कधी वाटलं नव्हतं. बाईंना मी परकर, निऱ्या, कमरेला खोचलेला पदर, सगळं नीट नेसवलं आणि चिमटे पिशवीतच राहू दिले. बाईंनी खरोखरीची कढई ठेवून खरोखरीच्या पुऱ्या तळल्या. पिठाचे हात साडीला लागत होते, तेल उडत होतं, हळदीची बोटं त्यांनी कमरेशी पुसली. मी भिंतीला चिकटून बघत होते आणि आपलीच साडी असूनही तिच्यात दुसरीच कुणीतरी बाई दिसत होती.

न्यूजची सवय मात्र कुणाची गेली नव्हती. कॅमेरामन दादा बाईंच्या तोंडाजवळ कॅमेरा घेऊन धावायचा.

"अरे, ती मंत्री नाहीये," मॅडम म्हणाल्या. "पळून जाणार नाही. लांब उभा राहा."

"आणि तुम्ही मधे मधे बोलू नका. मघाशी पुरी फुगली तर तुम्ही सांगितलंत, पुरी फुगली."

"मी बोलले?"

"कॅमेऱ्यात रेकॉर्ड आहे. दाखवू?"

बाई पुरीच्या घाण्यातून वर न बघता म्हणाल्या, "तुम्ही दोघं आधी एक ब्रेक घ्या बघू. मग मी तळते."

शांतता झाली की मॅडम घाबरायच्या. चॅनलमध्ये शांतता म्हणजे कुठेतरी काहीतरी बिघडलं. त्या लगेच कट म्हणायच्या. पण हळूहळू जमत गेलं. संध्याकाळपर्यंत स्वयंपाकघरातलं सगळं झालं. बाई हात धुतात, ताट वाढून घेतात, दाराला हात लावतात, इथपर्यंत. दारातून पलीकडे येणं आणि हॉलमधलं जेवण उद्यावर ठेवलं. मी बाईंच्या अंगावरची साडी उतरवून घेतली, पिशवीत भरली आणि रिक्षाने नाहूरला घरी आले. रिक्षात मी एकटीच हसत होते.

घरी आल्या आल्या मी ती भिजत घातली.

हातच तसे वळले. संध्याकाळ झाली, कपडे अंगावरून उतरले, की डाग काढायचे. मन अजून कार्यालयातच होतं, हात आपलं काम करत होते. साबणाने हळद लाल झाली, मग मी माझं लिंबाचं औषध लावलं, ब्रशने घासलं, तेल काढलं. बारीक खळ दिली. पंख्याखाली वाळवली आणि इस्त्री अशी केली की काठ पात्यासारखे उभे राहिले. कॉलेजातून आलेल्या माझ्या लेकीने विचारलं, "आई, उद्या कुणाचं लग्न आहे?" मी म्हटलं, "आमचंच समज."

सकाळी कार्यालयाच्या वरच्या खोलीत मी घडी उलगडली. कॅमेरामन दादा बॅटरी लावत होता. त्याने वर पाहिलं, परत खाली पाहिलं, परत वर पाहिलं.

"मावशी, कालची साडी कुठे?"

"ही काय."

त्याने हातातली बॅटरी खाली ठेवली. मग म्हणाला, "दाराच्या आत होती ती आचारीण. आणि दार उघडून बाहेर येणार ती न्यूज अँकर."

मला अजून कळलं नव्हतं. मॅडम आल्या, त्यांनी साडीला हात लावला आणि जिन्याच्या पायरीवर बसल्या. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. दार एकच. अलीकडचं काल झालं, पलीकडचं आज, पण बघणाऱ्याला ते एकाच क्षणात दिसणार. सोमवारी मुकाट्याने इस्त्रीच्या टेबलाशी जाऊन उभं राहावं, आपली लायकी तेवढीच, असं वाटलं.

मॅडम ओरडतील म्हणून मी खाली मान घालून उभी होते. त्या म्हणाल्या, "ही न धुता ठेव असं तुला सांगायला हवं होतं, ते आम्हा दोघांनाही सुचलं नाही. आम्हाला तरी कुठे माहीत होतं? आपण कालचं कधी आज वापरलंय का? बातमी गेली की गेली."

"डाग परत पाडता येतील," मी म्हटलं. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

दादाने कॅमेऱ्यात कालचं लावलं. मी आयुष्यात पहिल्यांदा डाग काढण्यासाठी नाही, पाडण्यासाठी बघत होते. हळदीची तीन बोटं, कमरेच्या डाव्या अंगाला, तिसरं खाली ओढलेलं. मांडीवर तेलाचे शिंतोडे, मोठा एक आणि त्याच्याभोवती बारके. निऱ्यांवर पीठ. एकेक डाग मला तोंडपाठ होता, कारण काल रात्री मी त्यातल्या प्रत्येकाशी झटापट केली होती. हळद कालवली, तेल कोमट केलं, चहाच्या चोथ्याने पदराचा कडकपणा मोडला. दादा स्क्रीनवर बोट ठेवून सांगायचा, "थोडं वर. नाही, तुझ्या डाव्या हाताला. बास." हळूहळू आम्हाला हसायला यायला लागलं. बाई म्हणाल्या, "माझ्या सुनेने बघितलं तर म्हणेल, डाग पाडायला माझी पोरं आहेत, मला ती काल धुणारी बाई पाठवा."

डाग जुळले. पण साडी मेलेली दिसत होती. डाग अंगावरचे वाटेनात, चिकटवलेले वाटत होते. तासन्‌तास पाटावर बसून, उठून, वाकून साडीला ज्या चुण्या पडतात त्या हाताने पाडता येत नाहीत. मी ती चुरगाळून बघितली, तर चुरगाळलेलीच दिसली.

"मी परत बसते कढईपाशी," बाई म्हणाल्या आणि उठताना त्यांनी खुर्ची धरली. काल पाटावर बसून त्यांचे गुडघे सुजले होते. मॅडमना दुपारच्या शॉटमध्ये त्यांचं चालणं हवं होतं. बाई मॅडमकडे बघत होत्या, मॅडम घड्याळाकडे.

"मी नेसते," मी म्हटलं.

मुदपाकखान्यात तोवर खरे आचारी आले होते. संध्याकाळच्या मंडळींचा स्वयंपाक सुरू झाला होता. मी ती डागाळलेली साडी नेसून कोपऱ्यात पाट घेऊन बसले. पीठ मळणाऱ्या बाईने मला खालपासून वरपर्यंत बघितलं.

"नवीन का गं?"

"नाही. साडी जुनी करायची आहे."

"मग नुसती काय बसतेस? लाट."

मी लाटायला लागले. कुणाचं लग्न होतं मला माहीत नव्हतं, नवरी कोण, नवरा कोण. पण त्यांच्या पुऱ्या मी लाटत होते. उठून परात आणायची, वाकून पिठाचा डबा ओढायचा, घाम पदराने टिपायचा. मधे ती बाई म्हणाली, "हात चांगला आहे तुझा. लग्नाच्या सीझनला ये, सांगते मी आचाऱ्यांना." मी खूष झाले. एका सकाळीत मला दोन नोकऱ्या होत्या आणि तिसरी, चॅनलमधली, जाते की राहते ते ठरायचं होतं.

मागच्या खिडकीतून उजेड माझ्या परातीवर आला होता. पीठ उडत होतं ते त्यात दिसत होतं. मी सहज मान वर केली, तर मॅडम दारात उभ्या होत्या आणि खांद्यावर कॅमेरा होता. दादा त्यांच्या मागून कुजबुजत होता, "घ्या ना, काय झकास दिसतंय, घ्या."

माझे हात थांबले. मला गाऊनमधली ती बाई आठवली असं नाही. ते नंतर आठवलं. तेव्हा नुसतं अंग आकसलं. मी कुणाला नाही म्हणत नाही, मला येतच नाही. पण त्या वेळी तोंडातून गेलं.

"नको."

इतकं हळू की शेजारच्या बाईलाही ऐकू गेलं नसेल. मॅडमनी कॅमेरा खाली केला. लगेच, दुसरी चौकशी न करता. चॅनलमध्ये असत्या तर एवढं चांगलं चित्र त्यांनी सोडलं नसतं, आणि सोडलं असतं तर वरून फोन आला असता. त्या माझ्याजवळ आल्या, उकिडव्या बसल्या.

"साडी झाली का बघ. तुला वाटलं झाली, की सांग. तोवर आम्ही थांबतो."

मला इतकं बरं वाटलं की मी आणखी जोरात लाटायला लागले.

जेवणाची वेळ टळून गेल्यावर मी उठले. आरशात बघितलं. साडी आता माणसाची दिसत होती. घामाने, वाफेने खळ उतरली होती, निऱ्या गुडघ्यापाशी मोडल्या होत्या, पदराला पीळ पडला होता. चुण्या बिघडू नयेत म्हणून मी ती तशीच अलगद सोडली आणि अंगातली ऊब जायच्या आत बाईंना नेसवली. दादाने कालचं चित्र बाजूला धरलं. तो एकदा इकडे बघे, एकदा तिकडे. मग त्याने कॅमेरा स्टँडवर चढवला आणि दोन पावलं मागे सरकला. लांब.

फाटकाशी झेंडूच्या टोपल्यांचा टेम्पो येऊन उभा राहिला होता. मॅनेजर काका दर थोड्या वेळाने हॉलच्या दारातून डोकावायचे आणि मनगटावर बोट ठेवून दाखवायचे.

दार ढकलून बाई बाहेर आल्या. सगळे त्यांच्या चेहऱ्याकडे बघत असतील, मी कमरेकडे बघत होते. तीन बोटं. तिसरं खाली ओढलेलं. त्या चालत आल्या तेव्हा गुडघे दुखत असणार, कारण त्या जपून पाय टाकत होत्या, आणि तेच बरोबर होतं. टेबलाशी आल्या. खुर्ची ओढायची की नाही, असा हात अडखळला. बसल्या. जेवायला लागल्या.

मी मॅडमकडे बघितलं. आता कट म्हणतील असं वाटलं. त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले होते. बाई जेवत होत्या. पंखा फिरत होता. बाहेर फुलवाले हळू बोलत होते. पुरी संपली, वरणभात संपला. बाईंनी ताट पुसून घेतलं, पाणी प्यायल्या आणि नुसत्या बसून राहिल्या, समोरच्या रिकाम्या स्टेजकडे बघत. मग सवयीने त्यांनी टेबलावरची शितं वेचून ताटात टाकली. कुणी सांगितलं नव्हतं. कागदावर लिहिलेलंही नव्हतं. तरीही मॅडम गप्प. बाई उठल्या, ताट घेतलं, दारातून आत गेल्या, दार हलत हलत थांबलं. तेव्हा कुठे मॅडम म्हणाल्या, "कट."

मॅनेजर काका दारातच होते. "झालं का?" त्यांनी विचारलं, पण घड्याळ दाखवलं नाही.

"झालं, काका."

"मग फुलं आत घेऊ?"

दादाने आतलं आणि बाहेरचं एकापुढे एक लावून दाखवलं. दार ढकललं, दार उघडलं. एकच बाई, एकच साडी. मी दोनदा बघितलं. तिसऱ्यांदा बघायला मागितलं तेव्हा तो म्हणाला, "मावशी, आता बास, नजर लागेल." मॅडमनी माझ्या पाठीवर हात ठेवला, जिथे चिमटे असायचे त्या जागी, आणि म्हणाल्या, "पुढच्या महिन्यात नवीन सिनेमा करायचा आहे, घराच्या आतला. गोरेगावला एक खोली बघितली आहे. सतरा प्रकारचे कपडे लागतील. विचार कर." विचार करण्यासारखं काय होतं, पण मी नुसती मान हलवली.

रविवारी सुपरवायझरचा फोन आला. "उद्यापासून आहेस ना? सकाळच्या शिफ्टला दोन नवीन अँकर आहेत. ब्लाउज सैल होतात." मी नेहमीसारखी गप्प राहिले. त्यांना वाटलं आवाज कापला गेला. "हॅलो? ऐकू येतंय का?"

"येतंय," मी म्हटलं. "मी नाही येत. दुसरी बाई बघा."

मग मीच त्यांना सांगितलं की खालच्या खणात हळदीच्या डागाचं औषध बाटलीत करून ठेवलंय, ते तिला द्या.

आकाशी साडी आता आमच्या कपाटाच्या आत खिळ्याला टांगली आहे. हा सिनेमा जोडून होईपर्यंत काही राहिलं असेल तर परत लागेल, म्हणून मी तिच्यावर जुनी चादर घातली आहे. परवा लेकीने कपाट उघडलं आणि नाक मुरडलं.

"आई, हिला तेलाचा वास येतोय. मशीन लावतेय, टाकू का?"

"हात लावू नकोस," मी म्हटलं. ती माझ्याकडे बघतच राहिली, कारण घरातसुद्धा मी इतकं मोठ्याने बोलत नाही.